पांदणीवरची धाव

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मराठीत पायांचा वेग वाढला की त्यासाठी दोन शब्द आहेत. एक पळणे आणि दुसरा धावणे. चोर पळतो, घाबरलेला माणूस पळतो, अंगावर कर्ज झाले की माणूस गाव सोडून पळतो. पण मदतीला येतो तो धावून येतो. लेकराच्या रडण्याला आई धावते, भक्ताच्या हाकेला देव धावतो. म्हणजे पळणे हे कशापासून तरी असते आणि धावणे हे कशाकडे तरी. आमच्या वऱ्हाडी बोलीने मात्र हा भेद ठेवला नाही. आमच्याकडे सगळ्यांसाठी एकच, 'पयणे'. पोरगं पयते, बैल पयते आणि चोरही पयते. त्यामुळे पन्नाशी उलटलेला माणूस सकाळी सकाळी धावताना दिसला की मंगरूळपीरमध्ये लोक काळजीने विचारतात, "काय झालं? घरी सर्व ठीक हाय ना?"

आज मी बोलणार आहे ते मातीच्या वाटेवरून धावण्याबद्दल. शहरात त्याला ट्रेल रनिंग म्हणतात. डांबरी रस्ता सोडायचा, मैदानातली आखलेली चक्कर सोडायची आणि पाऊलवाटेने, टेकडीने, रानातून धावायचे, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०१५ मध्ये या प्रकाराला आपल्या खेळांत स्थान दिले. युरोपात माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची शर्यत २००३ पासून होते आहे. आपल्या सह्याद्रीतही सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडणारी शर्यत होते. तिची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात. रंगीत कपडे, पाठीवर पाण्याची पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. ते पाहून आमच्याकडचा माणूस म्हणतो, हे पुण्या-मुंबईच्या लोकांचे चोचले, आपले काम नाही.

मला नेमके उलटे म्हणायचे आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला अशी वाट शोधायला गाडी काढून तासभर जावे लागते. आपल्याला घराच्या मागचे दार उघडावे लागते.

आमच्या तालुक्याचेच पाहा. अजिंठ्याच्या डोंगररांगेची शेवटची उतरती टोके वाशीम जिल्ह्यात पसरली आहेत. मधे काळ्या मातीची सपाटी, मधेच मुरमाड टेकाड, उतारावर पळस आणि बाभूळ, खाली नाला. गावातून शेताकडे जाणारी बैलगाडीची पांदण असते. दोन शेतांच्या मधला धुरा असतो. गावाच्या कडेला ढोरे चरायची जमीन असते, तिला आम्ही ई-क्लास म्हणतो. दोन गावांच्या सीमेवरून शिवरस्ता जातो. धावायला आणखी काय हवे? परदेशी मासिकात जिला ट्रेल म्हणतात, तीच ही पांदण. आपण तिच्यावरून डबा घेऊन वावरात जातो, म्हणून ती खेळाची जागा आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

आणि धावणे आपल्याला नवीन थोडेच आहे? मराठेशाहीत पत्रे घेऊन जासूद धावत. दोघांची जोडी पाठवायची पद्धत होती, म्हणून जुन्या कागदांत 'जासूद जोडी' हा शब्द वारंवार भेटतो. पुढे इंग्रजी अमलात टपालाचे हरकारे आले. खांद्यावर थैली, हातात घुंगरू बांधलेली काठी, आणि वाट जंगलातली. या माणसांना कोणी शर्यतपटू म्हटले नाही, पण त्यांच्या पायांवर राज्यकारभार चालला.

१९१९ ची एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर धावण्याच्या शर्यती झाल्या. अध्यक्ष होते दोराबजी टाटा. धावणाऱ्यांत बरीचशी शेतकऱ्यांची मुले, पायात काही नाही, शिकवायला कोणी नाही. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या नावाजलेल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. हे पाहून टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले तिच्यात १९ वे आले. हिंदुस्थानच्या ऑलिंपिक इतिहासाच्या अगदी सुरुवातीला मातीच्या वाटेवर तयार झालेले पाय आहेत, हे आपण विसरलो.

शंभर वर्षांनंतरही चित्र फार बदललेले नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. शाळा घरापासून सहा किलोमीटर, बस नाही, म्हणून कधी चालत, कधी धावत जाणारे हे पोरगे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला आणि तिथे २०१५ मध्ये क्रॉस कंट्रीच्या स्पर्धेतून त्याची सुरुवात झाली. क्रॉस कंट्री म्हणजे रानावनातून, चढउतारावरून धावणे, आपल्या आजच्या विषयाचे सख्खे भावंड. पुढे स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊला २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. म्हणजे पदक मिळाले आखीव मैदानावर, पण पाया घातला गेला खडबडीत जमिनीवर.

हे सगळे सांगण्यामागे एक कारण आहे, आणि ते कारण मला रोज पहाटे दिसते.

फजरची नमाज आटोपून मी गावाबाहेर निघतो तेव्हा अंधार असतो. त्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने पोरे धावत असतात. भरतीची पोरे. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी. अंगात गडद बनियन, पायात झिजलेले बूट, एका हातात मोबाइल, त्याच्यावर वेळ लावलेली. मागून ट्रक येतो, समोरून ट्रॅव्हल्स येते, दिव्यांनी डोळे दिपतात आणि पोरगे तेवढ्यापुरते कडेच्या गिट्टीवर उतरते. आमच्याकडचे रस्ते गेल्या काही वर्षांत खूप सुधारले. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला. पण रस्ता जितका चांगला तितकी गाडी वेगात, आणि पायी माणसाला जागा तितकी कमी. पहाटे रस्त्यावर सराव करणाऱ्या मुलांना वाहनाने उडवल्याची बातमी महाराष्ट्रात कुठून ना कुठून येतच असते. ती वाचताना घास घशाखाली उतरत नाही.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याशिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. पन्नास गुणांच्या या परीक्षेत १६०० मीटरला वीस गुण. म्हणून पोरगे रोज उठते आणि रोज जिवाच्या आकांताने १६०० मीटर धावते. रोज परीक्षा, अभ्यास एकही दिवस नाही. महिन्याभरात नडगी दुखू लागते. पोरगे नडगीला पट्टी बांधून पुन्हा डांबरावर धावते. मग पाय पुरता बसतो.

दुसरी गोष्ट याहून जास्त जिवाला लागते. भरतीत जागा थोड्या आणि उमेदवार हजारोंनी. खुल्या वर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ ही वयाची मर्यादा. ती उलटली की पोरगे धावणे सोडते. एका दिवसात सोडते. बूट माळ्यावर जातात. तीन-चार वर्षे रोज पहाटे उठलेले शरीर पानठेल्यावर बसू लागते. विचारले तर म्हणते, "आता कायले पयू चाचा?" त्याच्या लेखी धावणे म्हणजे एक अर्ज होता आणि तो नामंजूर झाला. माझे म्हणणे इतकेच, की नोकरी लागणे न लागणे आपल्या हातात पूर्णपणे नाही. पण कमावलेली छाती आणि पाय ही पोराची स्वतःची मिळकत आहे. ती कोणत्याही यादीत नाव न आल्याने जप्त होत नाही.

तर या पोरांना, आणि माझ्यासारख्या केस पिकलेल्यांनाही, मी सांगतो की डांबर सोडा, पांदणीवर या. कसे यायचे ते आता सांगतो.

पहिली गोष्ट तब्येत. वय चाळिशीपुढे असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, जिना चढताना छाती भरून येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. यात लाज कसली? बैल घेताना आपण दात पाहतो, मग स्वतःला तपासून घ्यायला काय हरकत आहे? आणि धावताना छातीत दुखले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचे आणि दवाखाना गाठायचा.

दुसरी गोष्ट बूट. महागडे लागत नाहीत. तळाला खाचा असलेले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे बूट पुरेत. जुने झाले आणि तळ गुळगुळीत झाला की मुरमावरून पाय घसरतो, तेव्हा ते बदला. अनवाणी धावण्याची एक हवा मधे आली होती. ती आपल्याकडे नको. बाभळीचा काटा आणि सराटा यांना त्या हवेची खबर नाही.

तिसरी गोष्ट वेग. नव्याने सुरू करणारे सगळेच फार जोरात धावतात. मातीच्या वाटेवर धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्ये तुटले तर वेग जास्त झाला. एकटे असाल तर पंधराचा पाढा म्हणा, हरिपाठ म्हणा, दुआ म्हणा. मी माझाच एखादा शेर म्हणतो. मिसरा अर्ध्यात तुटला की पाय आवरतो. यापेक्षा स्वस्त यंत्र बाजारात नाही.

आता क्रम. पहिले दोन आठवडे धावायचेच नाही. आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, पांदणीने झपझप चालायचे. वाट ओळखीची होऊ द्यायची. कुठे दगड, कुठे नाला, कुणाचे कुत्रे, हे पायांना कळू द्यायचे. तिसऱ्या आठवड्यात दहा मिनिटे चालून अंग गरम झाले की एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे. असे सात-आठ वेळा. पाचव्या आठवड्यात दोन मिनिटे धाव, दोन मिनिटे चाल. सातव्यात तीन मिनिटे धाव आणि एक मिनिट चाल. आठवा आठवडा संपेपर्यंत बहुतेकांना वीस मिनिटे न थांबता धावता येते. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा. कोणी गुण देत नाही, कोणी कापतही नाही. आणि हिशेब मिनिटांचा ठेवायचा, किलोमीटरचा नाही, कारण टेकाडावरचा एक किलोमीटर आणि सपाटीवरचा एक किलोमीटर यांचा भाव एक नसतो.

घाई का नको, तेही समजून घ्या. दम काही आठवड्यांत वाढतो. पण हाडे, सांधे आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर मजबूत व्हायला महिने लागतात. छाती म्हणते चल, आणि घोटा म्हणतो थांब. अशा वेळी घोट्याचे ऐकायचे. दुखणे दुसऱ्या दिवशी चालताना जाणवत नसेल तर काळजी नाही. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल आणि रोज वाढत असेल, तर आठवडाभर धाव बंद. तरीही राहिले तर डॉक्टर.

भरतीच्या पोरांना वाटेल, संथ धावून आमची वेळ कशी कमी होणार? मुलांनो, १६०० मीटरची वेळही दमावर उभी असते, आणि दम संथ धावण्याने वाढतो. आठवड्यात चार दिवस धावत असाल तर तीन दिवस पांदणीवर संथ धावा आणि एकच दिवस मैदानावर वेगाचा सराव करा. तोही उजाडल्यावर, ट्रक नसलेल्या जागी.

मातीवर धावण्याची थोडी रीत आहे. डांबरावर प्रत्येक पाऊल सारखे पडते, म्हणून मार एकाच जागी बसत राहतो. पांदणीवर प्रत्येक पाऊल वेगळे, त्यामुळे पायाचे लहानसहान स्नायूही कामाला लागतात. पण लक्ष हवे. नजर पायाशी ठेवायची नाही, दहा-पंधरा फूट पुढे ठेवायची. पाऊल लहान टाकायचे आणि थोडे उचलून टाकायचे. चढ आला की खुशाल चालायचे. मोठ्या शर्यतींतले जाणकारही उभ्या चढावर चालतात, त्यात कमीपणा नाही. उतारावर मागे रेलायचे नाही, त्याने टाच घसरते. गुडघे थोडे सैल ठेवून छोट्या छोट्या पावलांनी उतरायचे.

ऋतूचे भान आमच्या भागात फार महत्त्वाचे. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत पाय उचलवत नाही. त्या दिवसांत मुरमाड टेकाड धरायचे. उन्हाळ्यात तीच काळी माती भेगाळते, पाऊल आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे घोटा हमखास मुरगळतो, म्हणून वावरातून नाही, मळलेल्या पांदणीनेच जायचे. विदर्भाचे ऊन तर तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये सूर्य वर येण्याआधी घरी परतायचे. डोके ठणकू लागले, मळमळले, अंगावर काटा आला, तर सावलीत बसायचे, अंगावर पाणी घ्यायचे, मीठ-साखरेचे पाणी प्यायचे. बरे वाटेनासे झाले किंवा बोलणे असंबद्ध झाले तर वेळ न घालवता दवाखाना. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ मात्र पांदणीवर धावण्यासाठीच केल्यासारखा असतो. तुरी फुलावर, हरभऱ्याला घाटे, हवेत गारवा. नवशिक्याने त्याच काळात सुरुवात करावी.

रानातले धोके वेगळे, तेही ऐका. साप पहिला. घोणस, नाग, मण्यार, फुरसे हे चार विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. अंधारात बॅटरीशिवाय जायचे नाही, गवतात पाय टाकायचा नाही. दंश झालाच तर कापायचे नाही, चोखायचे नाही, घट्ट दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही. माणसाला चालू न देता, दंशाचा पाय न हलवता, १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्यायचे. सापावरची लस तिथे मिळते. दुसरा धोका तारेचा. रोही आणि रानडुकरे पीक खातात म्हणून काही जण रात्री कुंपणात वीज सोडतात. त्यामुळे अंधारात कुणाच्या वावरातून आडवे जायचेच नाही. तिसरा धोका फवारणीचा. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. धावताना श्वास खोल जातो. कुठे फवारणी चालू दिसली की तोंड फिरवायचे आणि दुसरी वाट धरायची. आणि कुत्रे अंगावर आले तर धावणे थांबवून शांत चालायचे. कुत्र्याला पळणाऱ्याचाच राग असतो. चावलेच तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच इंजेक्शन घ्यायचे.

थोडी सभ्यताही पाळायची. पांदण शेतकऱ्याची आहे, आपण पाहुणे. पिकात पाय पडता कामा नये. वाटेत बोराटी लावलेली असेल तर बाजूला सारून जायचे आणि मागे वळून पुन्हा जशीच्या तशी लावायची. भेटेल त्याला रामराम, सलाम, जय भीम करायचा. प्लास्टिक टाकायचे नाही. कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आमच्या जवळ आहे, पण तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय धावायला जायचे नाही. त्या जागेत धावण्याचा पहिला हक्क काळविटांचा.

आता आयाबहिणींसाठी. पांदणीवर सर्वांत जास्त चालते कोण? निंदायला, वेचायला, काड्या आणायला बाईच जाते. पण तीच बाई स्वतःसाठी धावायला निघाली की गाव वळून पाहते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. या दोघीही अशाच पाड्यावरच्या, दुष्काळी गावातल्या. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचारासाठी लुगड्यात धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपटही आला. तिकडे मेक्सिकोत रारामुरी नावाच्या डोंगरी जमातीतली लोरेना रामिरेज २०१७ मध्ये ५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत महिलांत पहिली आली. अंगात तिच्या जमातीचा घेरदार झगा आणि पायात टायरच्या रबराच्या चपला. म्हणजे कपड्यांची अडचण खरी अडचण नव्हे. अडचण बघणाऱ्यांच्या नजरेची आहे, आणि ती संख्येने मोडते. एकटीने नाही, तिघी-चौघींनी मिळून, उजाडल्यावर, घरी सांगून निघा. लुगडे, सलवार, ओढणी, जे अंगवळणी असेल ते चालेल, फक्त ते पायात येणार नाही एवढे पाहा. बाप्यांनी एकच करायचे. त्या धावत असतील तेव्हा चहाची जबाबदारी आपली.

माझ्या धर्मबांधवांसाठी एक शब्द. रमजानमध्ये धावावे का, असे तरुण विचारतात. रोज्यात उन्हात धावू नये. इफ्तारच्या थोडे आधी हलके चालावे किंवा रात्री तरावीहनंतर उजेडाच्या जागी थोडे धावावे. नवीन सुरुवात मात्र ईदनंतरच करावी. आणि कोणी म्हणाले की या वयात धावणे शोभत नाही, तर त्याला हजची आठवण द्यावी. मक्केत सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या होतात. तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत बीबी हाजरा तिथे धावल्या, त्याची ती आठवण. एकूण अंतर तीन किलोमीटरच्या वर भरते, आणि मधल्या एका टप्प्यात पुरुषांनी थोडे धावायचे असते. पांढऱ्या दाढीचे हाजीही तिथे जमेल तसे धावतात. इकडे आषाढी वारीत माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे जाते तेव्हा टेकडीच्या उतारावर वारकऱ्यांचा धावा होतो. विठ्ठलाच्या ओढीने म्हातारे वारकरीही टाळ सावरत धावतात. मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे आणि बिरबलनाथ महाराजांचे संस्थानही आहे. दोन्हीकडे माणसे पायी येत आली आहेत. श्रद्धेने कधीच विचारले नाही की तुमचे वय काय.

शेवटी त्या पांदणीबद्दल, जिच्यावर मी तुम्हाला धावायला सांगतो आहे. ती हळूहळू नाहीशी होते आहे. एका बाजूने एक तास नांगरून आत येतो, दुसऱ्या बाजूने दुसरा, आणि मधे बाभूळ उगवते. बैलगाड्या कमी झाल्या, माणसे दुचाकीवर डांबराने जातात. चार पावसाळे कोणी फिरकले नाही की वाट बुजते, आणि मग भांडण तहसीलमध्ये जाते. तलाठ्याकडे गावाचा नकाशा असतो. त्यात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. एकदा जाऊन पाहा. आपल्या गावाच्या किती वाटा कागदावर आहेत आणि जमिनीवर नाहीत, ते कळेल. अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. पाणंद रस्ते बांधण्यासाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आणली. पण वाट आहे हे सांगायला आधी तिच्यावर कोणाची तरी पावले दिसावी लागतात.

आमच्या सकाळच्या टोळीत सध्या आम्ही पाच जण आहोत. एक निवृत्त शिक्षक, एक चहाच्या गाडीवाला, मी, आणि भरतीचे वय उलटलेली दोन पोरे. त्यांतल्या एकाने बूट माळ्यावरून काढले त्याला आता वर्ष होईल. परवा धुऱ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला हटकले, "कोनाच्या मांगं पयता रे बाप्पा?" तेच पोरगे हसून म्हणाले, "कोनाच्या मांगं नाही बुवा, एकमेकाच्या संगं."

दोन महिने द्या. आठवड्याचे चार दिवस, अर्धा अर्धा तास. उद्या सकाळी बूट घाला आणि आपल्या गावाची पांदण कुठवर जाते तेवढे फक्त चालत पाहून या. धावायचे नंतर पाहू.